राय यांच्या घरी छापखाना होता, आमच्या घरी भोंगे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिल्या चित्रपटाची पटकथा लिहिताय, विषय स्वतःचं बालपण. तयारी म्हणून सत्यजित राय, अकिरा कुरोसावा आणि इंगमार बर्गमन या दिग्दर्शकांनी लिहिलेल्या आठवणी वाचल्यात आणि हुरूप येण्याऐवजी खट्टू होऊन बसलात. राय यांच्या घरी छापखाना आणि मासिक, कुरोसावांचा भाऊ सिनेमाच्याच धंद्यात, बर्गमन यांच्या हातात लहानपणीच प्रोजेक्टर. तुमच्या घरी पंचांगाशिवाय छापील कागद नव्हता, गावातलं तंबूतलं टॉकीज तुमच्या जन्माआधीच उठलेलं, आणि वडील लग्नाला, जत्रेला भोंगे भाड्याने द्यायचे. ‘अशा घरातून दिग्दर्शक निघतो का, आणि या थोर लोकांच्या आठवणींचं मी नेमकं करायचं काय?’

पहिल्या प्रश्नावर वेळ घालवत नाही. दुसऱ्यावर बोलतो, कारण माझी उमर संकलनाच्या टेबलावर गेली आणि पटकथा शिकवताना हीच पुस्तकं मी मुलांना वाचायला लावत आलोय. बहुतेक जण ती चुकीच्या बाजूने वाचतात. कोणाच्या घरी काय होतं, कोणी कोणते सिनेमे कितव्या वर्षी पाहिले, कोण भेटलं याची टिपणं काढतात. ती टिपणं परीक्षेला चालतील, पटकथेला शून्य उपयोग. वाचताना एवढंच शोधा: ते मूल कुठे उभं होतं, किती उंचीवर होतं, शेजारी कोण होतं, आणि तिथून त्याला काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं. ती जागा हाच खरा संस्कार. प्रसंग त्यानंतर.

राय यांचं ‘जखन छोटो छिलाम’ घ्या. कलकत्त्यातलं 100, गारपार रोड हे घर आजोबा उपेंद्रकिशोर यांनी बांधलेलं. पुढच्या बाजूला ‘यू. राय अँड सन्स’ हा छापखाना, मागे कुटुंबाचं राहणं. उपेंद्रकिशोरांनी 1913 साली मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढलं. हाफटोन ब्लॉकच्या, म्हणजे छायाचित्र बारीक ठिपक्यांत मोडून छापायच्या, तंत्रावर त्यांचा इतका हात बसला होता की त्यावरचे त्यांचे लेख लंडनच्या पेनरोझ वार्षिकात छापून येत. पण ते 1915 मध्ये गेले आणि सत्यजित जन्मले 1921 मध्ये. वडील सुकुमार 1923 मध्ये काळा आजाराने गेले, तेव्हा हे पोर अडीच वर्षांचं. म्हणजे ज्याला तुम्ही कलेचं घर म्हणताय, त्या घरातली दोन्ही मोठी माणसं या मुलाला लाभलीच नाहीत. राहिला छापखाना. तोही बुडाला, आणि सहाव्या वर्षाच्या आसपास आईबरोबर भवानीपूरला मामांकडे बिऱ्हाड हलवावं लागलं.

मग या बालपणात मिळालं काय? रेघोट्या मारलेला कागद घेऊन पोर ब्लॉक विभागात जायचं आणि हे ‘संदेश’साठी आहे म्हणून सांगायचं. तिथला कामगार गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचा, पोराला उचलून मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेसमोर धरायचा. काचेवर ते चित्र उलटं दिसायचं. टर्पेंटाइनचा वास आला की अजून तो विभाग डोळ्यांपुढे उभा राहतो, असं राय साठीला आल्यावर लिहितात. दुसरी आठवण उन्हाळ्यातल्या दुपारची. खिडक्या मिटलेल्या, एका फटीतून उजेड आत येतोय आणि त्या उजेडाने रस्त्यावरची येजा समोरच्या भिंतीवर उलटी उमटलीय. शाळेत आपण पिनहोल कॅमेऱ्याचा प्रयोग शिकलो, तोच हा, फक्त खोलीएवढा.

या दोन्ही आठवणींत सिनेमा नाही, थिएटर नाही, तिकीट नाही. एकीत मूल दुसऱ्याच्या हातांवर उचललेलं आहे आणि आपणच केलेली वस्तू त्याला यंत्रातून वेगळी दिसतेय. दुसरीत ते आत आहे, जग बाहेर आहे, आणि बाहेरच्या जगाला आत पाहणारा दिसत नाही. संकलक म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: चित्र भिंतीवर आणि आवाज अर्थातच खिडकीकडून येत असणार. चित्र आणि आवाज वेगळे होऊ शकतात हे त्या पोराला कोणी शिकवायची गरज राहिली नाही.

आता राय यांचा ‘चारुलता’ (1964) पुन्हा बघा. सुरुवातीला ती बाई हातात छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाते, झडपा जराशा वर करते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा पाठलाग करते. संवाद जवळजवळ नाहीच. नवरा भूपती घरातच वर्तमानपत्र चालवतो, छापखान्यासकट. इथे जरा सांभाळून. भूपतीचं वर्तमानपत्र टागोरांच्या मूळ गोष्टीत आहेच, तेव्हा सगळंच गारपारच्या खाती मांडायचं कारण नाही. पण मिटलेल्या घरातून, फटीतून, न दिसता बघणं ही जागा दिग्दर्शकाला आधीपासून ओळखीची होती असं मी म्हणेन. ती बाई कंटाळलेली आहे हे सांगायला त्यांना संवाद लागला नाही.

वडिलांची म्हणून जी आठवण राय देतात ती तर मी वर्गात नेहमी सांगतो. गंगेकाठी सोदपूरला सुकुमार खिडकीशी बसून चित्र काढतायत, मधेच म्हणतात की जहाज चाललंय. पोर धावत अंगणात येतं आणि त्याला स्टीमर दिसते. बस, एवढंच. पण क्रम बघा. आधी फ्रेमबाहेरून आवाज, मग धाव, मग वस्तू. त्यांच्याच ‘पथेर पांचाली’तली आगगाडी आठवा: आधी खांबाला कान लावून ऐकलेली गुणगुण, मग कास गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांपलीकडे धूर, आणि मग गाडी. स्टीमरमुळे आगगाडी सुचली असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे लेख भरपूर आहेत आणि त्यांतले बरेच थापा आहेत. क्रम तोच आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणि इथेच या पुस्तकांची दुसरी बाजू. ती सगळी उलटी लिहिलेली असतात. राय यांचं पुस्तक 1982 चं आणि ते लिहिलंय मुलांसाठी. ‘संदेश’ त्यांनी 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं होतं, या आठवणी त्यातच आधी आल्या. म्हणून सूर हलका, गमतीचा. घर सुटल्याचं, विधवा आईने नोकरी धरल्याचं दुःख त्यात जवळजवळ नाहीच. मुलांच्या मासिकात ते कोण लिहील? शिवाय लिहिणारा माणूस तोवर पंचवीसेक चित्रपट करून बसलाय. आपल्या डोक्यातल्या हजार आठवणींपैकी कोणती ठेवायची हे तो त्या चित्रपटांच्या उजेडात ठरवतो. रशेस, म्हणजे चित्रीकरणाचे कच्चे तुकडे, बघून झाल्यावर कट लावतात, तसंच. तेव्हा ‘लहानपणी हे घडलं म्हणून पुढे ते झालं’ ही साखळी जरा सैलच धरा.

कुरोसावांनी हे स्वतःच कबूल केलंय. 1978 साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी साप्ताहिकात आठवणी लिहायला घेतल्या आणि मथळा दिला ‘बेडकाचं तेल’. जपानात जत्रेत औषध विकणारे सांगायचे की बेडकाला चहूबाजूंनी आरसे लावलेल्या पेटीत ठेवतात, स्वतःचं ध्यान बघून त्याला दरदरून घाम फुटतो आणि त्या घामाचं औषध होतं. आत्मचरित्र लिहिताना माझं तसं झालंय, असं ते म्हणतात. आणि पुस्तक थांबतं कुठे? ‘राशोमोन’वर, म्हणजे 1950 च्या चित्रपटावर. माणसाला स्वतःबद्दल खरं बोलता येत नाही हा ज्या चित्रपटाचा विषय, तिथे येऊन ते लेखणी ठेवतात आणि पुढचं चित्रपटांतच शोधा म्हणतात. आत्मचरित्र कुठे थांबवावं याचा इतका चोख निर्णय मी दुसरीकडे वाचलेला नाही. आपल्याकडे लोक अमृतमहोत्सवाच्या शालीपर्यंत लिहीत जातात.

कुरोसावांच्या पुस्तकात त्यांनी दहाएक वर्षांत पाहिलेल्या जवळपास शंभर चित्रपटांची यादी आहे. विद्यार्थी ती हमखास उतरवून घेतात. मी त्यांना त्याऐवजी 1923 च्या भूकंपाची पानं वाचायला सांगतो. 1 सप्टेंबरला तोक्यो हादरलं, जळलं. अकिरा तेरा वर्षांचे. आग विझल्यावर, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला भाऊ हेइगो त्यांना म्हणाला, चल, बघायला जाऊ. सहल असल्यासारखा. पुढे जे दिसतं ते मी इथे लिहीत नाही. प्रेतं, नदी, जळून काळं पडलेलं शहर. धाकटा नजर वळवतो आणि मोठा त्याला रागावून पुन्हा बघायला लावतो. रात्री वाटलं होतं, झोप लागणार नाही. पण गाढ झोप लागली, स्वप्नही पडलं नाही. भावाने कारण सांगितलं: डोळे मिटलेस तर भीती आत राहते, सरळ बघितलंस तर घाबरण्यासारखं काही उरत नाही.

जागा बघा. मूल एकटं नाही. मान धरून वळवणारं कोणीतरी खेटून आहे. राय लपून बघतात, कुरोसावांना बघायला भाग पाडलं जातं. दोघांच्या कॅमेऱ्याचा स्वभाव इतका वेगळा का, याचं उत्तर मला दोघांनी पाहिलेल्या सिनेमांपेक्षा या फरकात जास्त सापडतं.

हेइगो पुढे बेन्शी झाला. मूकपट चालू असताना पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारा, सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा निवेदक म्हणजे बेन्शी. जपानात त्यांची नावं नटांइतकी चालत. बोलपट आले, बेन्शींचा धंदा बसला, संप फसला, आणि 1933 मध्ये हेइगोने आत्महत्या केली. अकिरा तेव्हा सिनेमात आलेही नव्हते. 1936 मध्ये ते पी.सी.एल. स्टुडिओत सहायक म्हणून लागले. तुम्ही लिहिलंत की भाऊ सिनेमाच्या धंद्यात म्हणजे केवढी सोय. सोय कसली? ज्या यंत्राने भावाचं पोट मारलं, त्याच यंत्रावर धाकट्याने जन्म काढला.

बर्गमन यांच्याबद्दल थोडक्यात. ‘लॅटर्ना मॅजिका’ (1987) मधला प्रोजेक्टर त्यांना मिळालेलाच नव्हता. नाताळात तो मोठ्या भावाला मिळाला, यांनी शिशाच्या शिपायांची पलटण देऊन तो पदरात पाडून घेतला. वडील पाद्री, घरात शिक्षा कडक. कपाटात कोंडत, तेव्हा यांनी आत आधीच लाल-हिरवा उजेड टाकणारी बॅटरी लपवून ठेवलेली. भिंतीवर झोत टाकायचा आणि आपण सिनेमाला आलोय समजायचं. या पुस्तकातल्या बऱ्याच तपशिलांवर पुढे लोकांनी शंका घेतल्या. मला फरक पडत नाही. अंधार, बंद दार आणि हातातला झोत ही जागा खोटी असली तरी त्यांच्या चित्रपटांत ती खरी आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, कारण ते छापखान्याशीच जोडलेलं आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात आले ते चाळिशीत. त्याआधी जे.जे., मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, ब्लॉक, शिळाप्रेस, लोणावळ्याचा छापखाना, रंगीत छपाई शिकायला जर्मनी. ख्रिस्तावरचा चित्रपट बघताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण सरकत होते, असं त्यांनी स्वतः पुढे ‘नवयुग’मध्ये लिहून ठेवलंय. भिक्षुकाच्या घरात ऐकलेल्या कथा आणि ब्लॉकच्या कॅमेऱ्यावरचा हात, दोन्ही त्या खुर्चीत एकदम जागे झाले. लहानपणी सिनेमा पाहिलेला असणं ही अट असती, तर आपल्याकडे पहिला चित्रपट निघालाच नसता.

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या पत्रात भोंग्यांचा उल्लेख एका वाक्यात आहे आणि तोही लाजून. बाकी दीड पान पाऊस, आजी, शाळेची घंटा, पतंग आणि ‘निरागस डोळ्यांनी सगळं टिपणारा’ मुलगा. हे दीड पान मी आजवर शेकडो पटकथांत वाचलंय. डोळे मोठे करून बघणारं पोर मराठी पडद्यावर आता इतकं झालंय की त्याला काही दिवस सुट्टी द्यावी.

कुरोसावांच्या पुस्तकात आवाजांवर एक सुंदर भाग आहे. दुपारी बाराची तोफ, आगीची घंटा, टोफू विकणाऱ्याचं शिंग, फेरीवाल्यांच्या हाका, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंट्या. माझ्या लहानपणी विजेचा आवाज नावाची गोष्टच नव्हती, असं ते म्हणतात. आणि पुढे म्हणतात की आताच्या गाडीवरच्या कर्ण्यांतून आणि टीव्हीतून येणाऱ्या विजेच्या आवाजांतून मुलांना समृद्ध आठवणी घडवता येणार नाहीत.

इथे मी म्हाताऱ्याशी सहमत नाही, आणि तुम्ही तर मुळीच असू नये. तुमचं सगळं बालपण विजेच्या आवाजात गेलंय. लिंबाच्या झाडावर बांधलेला भोंगा, खाली गोणपाटावर ठेवलेलं मशीन, ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणताना बदलणारा वडिलांचा आवाज. घरी कमी बोलणारा माणूस माइकवर कसा बोलतो, हे तुम्ही दर लगीनसराईत पाहिलंत. आहेर पुकारताना कोणाचं नाव दोनदा घेतलं जातं आणि कोणाचं पुटपुटून पुढे जातात, हेही पाहिलंत. मंगलाष्टकांत माइक शिट्टी मारायला लागला की सगळ्या मांडवाच्या माना तुमच्या वडिलांकडे वळत असणार. तेव्हा तुम्ही कुठे होतात? मशीनशेजारी, जमिनीवर बसलेले, माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर. नवरा-नवरी दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. ही तुमची जागा. राय यांच्या मिटलेल्या खोलीइतकीच भक्कम आहे, आणि मराठी सिनेमात मी ती अजून पाहिलेली नाही.

कामाचं सांगतो. पहिला मसुदा दृश्यांचा लिहू नका, आवाजांचा लिहा. एका लग्नाचा दिवस घ्या, वायर ओढण्यापासून भोंगा उतरवण्यापर्यंत, आणि मशीनशेजारच्या पोराला जे ऐकू आलं तेवढंच ओळीने मांडा. मग प्रत्येक आवाजापुढे लिहा की तो कुठून आला आणि पोराला तो माणूस दिसत होता का. जिथे ‘नाही’ येईल, तिथे तुमची दृश्यं आहेत. हे झाल्याशिवाय वडिलांना काही विचारू नका. नंतर जरूर विचारा आणि त्यांची हकिगत वेगळी निघाली तर तुमची दुरुस्त करत बसू नका, दोन्ही ठेवा. दोघांच्या हकिगतीत जिथे अंतर पडेल तिथेच बहुधा चित्रपट सापडतो.

चित्रीकरणाच्या वेळी एक हट्ट धरा. भोंग्याचा आवाज स्टुडिओत फिल्टर लावून बनवू देऊ नका. भोंग्यात खालचे स्वर जवळजवळ नसतात, त्यामुळे फिल्टरने साधारण तसा भास होतो, पण मोकळ्या रानात तो आवाज ज्या तऱ्हेने फाटतो आणि वाऱ्याबरोबर कमी-जास्त होतो ते फिल्टरला जमत नाही. संवाद आधी ध्वनिमुद्रित करा, खऱ्या भोंग्यातून शेतात वाजवा आणि वेगवेगळ्या अंतरांवरून पुन्हा मुद्रित करा. दोन भोंगे लावलेले असतील तर आणखी मजा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. पोर एका भोंग्याखाली असेल आणि दुसरा 170 मीटरवर, तर प्रत्येक शब्द त्याला अर्ध्या सेकंदाने पुन्हा ऐकू येईल. आहेर पुकारताना स्वतःच्याच बापाचं नाव असं दोनदा ऐकू आलं तर प्रेक्षकाला काही समजावून सांगावं लागणार नाही. वडिलांकडचे जुने भोंगे अडगळीत असतील तर आत्ताच बाहेर काढून बघा. आतलं आवाज काढणारं युनिट जळलेलं असलं तर बदलून मिळतं, पण पत्र्याचा कर्णा चेपलेला असला तरी तसाच ठेवा, त्याचा आवाज नव्याला येत नाही.

आणि पैशाचं. त्या भोंग्यांवर जी गाणी वाजायची ती चित्रपटात तशीच्या तशी घ्यायची म्हटलं तर ध्वनिमुद्रिकेचे आणि गीत-संगीताचे हक्क विकत घ्यावे लागतात, आणि दोन नावाजलेल्या गाण्यांत पहिल्या चित्रपटाचं बजेट आटोपू शकतं. पटकथेत गाण्याचं नाव घालूच नका. टेस्टिंग, पुकारे, हरवलेल्या मुलांच्या सूचना, जनरेटरची घरघर आणि फार तर एक नव्याने बांधून घेतलेलं गाणं, यावर अख्खी जत्रा उभी राहते.